मातामायची मूठ आणि रोवणीची मशीन

मेंदीचा वास आला की बायकांना लग्न आठवतं म्हणतात. मला चिखल्या आठवतात. पायाच्या बोटांच्या बेचक्यात पांढरी पडून सोललेली कातडी, तिची आग, आणि त्या आगीवर आईनं थापलेला मेंदीचा गार लगदा. आमच्या घरी मेंदी हातावर फारशी रंगली नाही, पायांनाच लागली. परवा, ऐन आषाढात, चंद्रपूरहून माहेरी गेले तर दारातच तो वास आला. माझी भावजय लता ओसरीवर पाटा मांडून मेंदी वाटत बसली होती. मला क्षणभर वाटलं, आपण अजून परकर-पोलक्यात आहोत आणि आई अजून बांधीतून, धानाच्या शेतातून, घरी यायची आहे.

"कोनाले झाल्या वं चिखल्या?" मी विचारलं.

"अजून कोनाले नाई झाल्या, ताई. यंदा होनार हायेत साऱ्याजनीले," लता म्हणाली. "उद्या मशीन घेऊन जाऊन राह्यले ना. म्हनून आधीच वाटून ठेवून राह्यली."

हे ती हसत म्हणाली, पण वरवंटा असा फिरवत होती की त्याच्याखाली कुणी साहेब सापडला असता तर त्याचं काही खरं नव्हतं. मशीन न्यायला गाडी येणार हे तिनंच मला फोनवर सांगितलं होतं, आणि म्हणाली होती, "तुमी या. आईले तुमीच बोलू शकता, मी नाई बोलू शकत."

मशीन म्हणजे धान रोवण्याची मशीन. चामोर्शी तालुक्यातल्या आमच्या गावाच्या महिला बचत गटाला ती गेल्या वर्षी एका सरकारी योजनेतून मिळाली. पुढे पेट्रोलचं लहान इंजिन, मागे धरून चालायची दांडी, आणि मध्ये एक तिरका पाट. त्या पाटावर रोपं ठेवायची. लोखंडाची बोटं त्यातली थोडी थोडी रोपं उचलतात आणि चिखलात खोवत जातात, चार ओळी एकदम. लता ती चालवायला शिकली. गाव तिला 'ड्रायव्हरीन' म्हणतं, आणि लग्नात बदललेल्या नावापेक्षा तिला हे नाव जास्त आवडतं. ती मशीन समाजमंदिराच्या पडवीत मेणकापडाखाली उभी होती. मी तिला बघायला गेले. एका बाजूनं कापड उचललं तर आतून पेट्रोलचा, गंजाचा आणि वाळलेल्या चिखलाचा वास आला. यातला एकच वास माझ्या ओळखीचा होता.

आमची रोवणी हातांची होती. पाऊस धरला आणि तलावाचं पाणी पाटानं खाली आलं की सगळ्या बांध्या चिखलानं भरून जायच्या. नांगराच्या मागे बगळे चालायचे. पहाटे अंधुक उजेडात बाया पऱ्हे उपटायला बसत. पऱ्हे म्हणजे धानाची हातभर वाढलेली रोपं. मूठभर उपटायची, मुळांचा चिखल पायाच्या घोट्यावर आपटून झाडायचा, आणि सालीनं बांधून पेंढी करायची. थप थप थप असा तो आवाज अख्ख्या शिवारातून यायचा. अंथरुणात तो ऐकू आला की कळायचं, आई घरात नाही. मग पेंढ्या बांधीत फेकल्या जायच्या आणि बाया ओळीनं उभ्या राहायच्या. उभ्या राहायच्या हे उगीच म्हणते. उभं कुणी राहतच नव्हतं. सगळ्याजणी कमरेत वाकून मागे मागे सरकत जायच्या, आणि त्यांच्यासमोर हिरव्या ओळी उमटत जायच्या.

मी धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या कडेच्या बांधावर, बसलेली असायचे, मांडीवर लहान भाऊ. धुऱ्यावरून मला फक्त पाठी दिसायच्या. पोत्याची खोळ पांघरलेल्या, पावसानं भिजून काळ्या झालेल्या पाठी. त्यातली आईची कोणती हे मी खोळीच्या फाटलेल्या कोपऱ्यावरून ओळखायचे. इतर ऋतूंतला आईचा चेहरा मला नीट आठवतो. आषाढातला आठवत नाही, कारण तो दिसलाच नाही. तो चिखलाकडे असायचा.

आणि गाणी. हो, गाणी होती. एकजण ओळ उचलायची, बाकीच्या झेलायच्या. शेतमालकाच्या पोटाला, त्याच्या छत्रीला, त्याच्या दिवाळीपर्यंत लांबणाऱ्या हिशेबाला नावं ठेवणारी गाणी, आणि मालक धुऱ्यावर उभा राहून ती ऐकून घ्यायचा, कारण रोवणीच्या दिवसांत त्याची हिंमत नव्हती. आईचा आवाज सगळ्यांत वर जायचा. दुपारी आंबील आणि झिंग्याची चटणी. द्रोणात पावसाचे थेंब पडायचे, आंबील पातळ होत जायची, आणि बाया म्हणायच्या, देवच वाढून राह्यला, घ्या. काय हसायच्या त्या! संध्याकाळी पाण्याबाहेर आल्यावर प्रत्येकजण दोन्ही हात कमरेवर ठेवून सरळ होताना एक आवाज काढायची. तो आवाज गाण्यात नव्हता. ते गाणं आठवणारे पुष्कळ भेटतात, त्या आवाजाची आठवण काढणारं मला अजून कुणी भेटलेलं नाही.

चंद्रपुरात माझ्या ओळखीचे लोक आहेत. चांगले लोक आहेत. पाऊस आला की ते हळवे होतात, गाडी काढून मोहर्लीच्या वाटेला लागतात, रस्त्याकडेच्या बांधीत वाकलेल्या बायांचे फोटो काढतात आणि मला पाठवतात. खाली लिहितात, काय दिवस होते ना! आता सगळं यंत्रांनी खाल्लं. मी त्यांना उत्तर देत नाही, कारण तोंड उघडलं तर मैत्री तुटेल. पण इथं लिहिते. ते दिवस मला परत नकोत. मी त्या दिवसांची आहे, त्या चिखलातून वर आले आहे, आणि तरी सांगते, नकोत. मला तो वास आवडतो, आणि तरीही नकोत. माझी आई आज घरात चालते तीसुद्धा बांधीत चालल्यासारखी चालते. जमिनीकडे बघत, काटकोनात. तिच्याशी बोलायचं तर मला खाली बसावं लागतं. ज्यांना तो चिखल फार सुंदर वाटतो त्यांनी एक दिवस यावं, एकच दिवस, आणि सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंत वाकावं. मग आपण गाण्यांबद्दल बोलू. गाणी बसूनही म्हणता येतात.

सरकारनं काहीच दिलं नाही असंही मी म्हणणार नाही. सरकारनं आमच्या गावाला पुष्कळ दिलं. माझ्या लहानपणापासून देतंच आलं आहे. आमच्या घरात धान साठवायची पत्र्याची कोठी आली, तीत गोधड्या राहतात. शेजारी पार्बताबाईकडे चिखलात बी पेरायचा प्लास्टिकचा ड्रम आला. त्याला सगळीकडून भोकं, त्यामुळं कोंबडीची पिल्लं झाकायला त्याच्यासारखी दुसरी वस्तू नाही. एकदा भाजी वाळवायची काचेची पेटी आली, ती अंगणवाडीपाशी ठेवली, आणि पोरांनी तिच्यात चिंचा वाळवल्या. प्रत्येक वस्तू येताना गाडी आली, सतरंजी अंथरली, नारळ फुटला, फोटो निघाला. वस्तू राहिली, माणूस गेला. ती कशी वापरायची हे ज्याला ठाऊक होतं तो फोटोत आहे, पण गावात परत आला नाही. मग गावानं आपल्या अकलेनं तिला काहीतरी काम दिलं. आणि कागदावर कुणीतरी लिहिलं की हे लोक मागास आहेत, यांना नवं काही झेपत नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं आहे की आता ते ऐकलं की मला हसू येत नाही, रागच येतो.

ही मशीन मात्र वेगळी निघाली, कारण तिच्यासोबत एक मॅडम आल्या. कृषी सहायक. लहानखुऱ्या, स्कूटीवर रेनकोट घालून येणाऱ्या. कितीतरी गावं त्यांच्या एकटीच्या गळ्यात होती, पण त्या परत आल्या. पुन्हा आल्या. त्यांनी बायांना शिकवलं की मशीनला हातभर वाढलेले पऱ्हे चालत नाहीत. तिला लागते चटई. अंगणात प्लास्टिक अंथरायचं, त्यावर चाळलेली माती आणि शेणखताचा बोटभर थर द्यायचा, मोड आलेलं धान त्यावर दाट पेरायचं, झारीनं पाणी घालायचं. पंधरा-वीस दिवसांत मुळं एकमेकांत अशी गुंततात की रोपांची चटई तयार होते. ती कापून, गुंडाळून उचलता येते. पण तिला थांबवता येत नाही. वेळ टळली की रोपं उंच होतात, मुळं घट्ट होतात, आणि मशीनची बोटं ती सोडवू शकत नाहीत.

हे सगळं बायांना समजलं. मॅडमना जे समजलं नव्हतं ते त्यांना कुणी सांगितलं नाही, कारण ते सांगायची गोष्ट आहे असं गावात कुणाला वाटलंच नाही. आमच्याकडे मातामायची मूठ झाल्याशिवाय रोवणी सुरू होत नाही. गावाच्या शिवेवर कडुलिंबाखाली मातामाय आहे. शेंदूर लावलेले दगड, बाजूला मातीचे घोडे. गाव मिळून एक दिवस ठरवतं, त्या दिवशी बाया तिच्यापुढे जमतात आणि पऱ्ह्यांची पहिली मूठ तिच्यासमोरच्या ओल्या मातीत लावतात. ती मूठ कितीतरी वर्षं माझी आई लावते. तिच्याआधी तिची सासू लावायची. मूठ लागल्याशिवाय गावात कुणी एक रोपटंही उपटत नाही. आणि गावात मयत झालं तर सुतक फिटेपर्यंत मूठ पुढे जाते.

गेल्या वर्षी चटया तयार झाल्या आणि गावातला एक म्हातारा वारला. मूठ पुढे गेली. बाया रोज सकाळी अंगणात येऊन चटयांकडे बघायच्या आणि आत जायच्या. जुन्या पऱ्ह्यांना आठ दिवसांनी काही होत नव्हतं, यांनाही होणार नाही असं त्यांनी धरलं. ही चूक आमचीच, दुसऱ्या कुणाची होण्यासारखी नव्हती. सुतक फिटलं, मूठ लागली, आणि त्याच दुपारी साहेबलोक प्रात्यक्षिक बघायला आले. सतरंजी आली, नारळ फुटला. लतानं इंजिन सुरू केलं. बोटांनी रोपं धरली, ओढली, तोडली. मागे वळून बघावं तर बांधीत दोन रोपं आणि मग हातभर रिकामं, एक रोप आणि पुन्हा रिकामं. पाटावर मुळांचा गुंता अडकून राहिला. साहेबलोकांनी रुमालानं मान पुसली, एकमेकांकडे बघितलं आणि चहा घेऊन निघून गेले. बाया त्याच बांधीत उतरल्या आणि रिकाम्या जागा हातानं भरत गेल्या, अंधार होईपर्यंत. लता सांगते, त्या दिवशी कुणी गाणं म्हटलं नाही.

नंतर वरून निरोप आला की या गावात मशीन चालत नाही, ती दुसरीकडे द्यायची आहे. बायांनी मॅडमना सांगितलं, अजून एक हंगाम द्या. मॅडमनी वर विनवलं. यंदाच्या चटया त्यांनीच स्वतः उभं राहून करून घेतल्या. पण निरोप काही बदलला नाही. गाडी उद्या सकाळी येणार होती. चटया आज तयार होत्या. आणि मातामायची मूठ मंगळवारी होती, म्हणजे अजून चार दिवसांनी.

आता मला का बोलावलं होतं ते तुमच्या ध्यानात आलं असेल.

संध्याकाळी मी आईच्या कमरेला तेल चोळत बसले. मोहाचं तेल, कोमट. आत लता स्वयंपाक करत होती, मुद्दाम भांडी वाजवत. मी इकडचं तिकडचं बोलत राहिले. पाऊस कसा आहे, तलाव कुठवर आलाय. मग सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आई, मूठ कधी हाय यंदा?"

"मंगळवारी. तुले काय कराचं?"

"त्याच्या आधी घेता येत नाई का?"

माझ्या हाताखाली तिच्या पाठीचे मणके एकेक करून कळत होते.

"लतानं शिकवून बसवलं का तुले इथी?"

"हाव."

"तिले तोंड नाई का?"

आतली भांडी थांबली. "तोंड हाय, पन तुमी सासू हा ना," आतून आवाज आला.

आईला हसू आलं असावं, पाठ हलली. पण मग ती गंभीर झाली. म्हणाली, "दिवस मी ठरवत नाई, पोरी. गाव ठरवते. मी नुसती मूठ लावतो. उद्या मी आधीच लावली, अन् परवा कोनाच्या घरी साप निंगाला, कोनाचं लेकरू तापानं फणफणलं, त लोक काय म्हनतीन? म्हातारीनं मूठ मोडली. मराच्या वक्ताले मले हे बोलनं खाचं नाई."

ती खोटं बोलत नव्हती. असं झालं असतं तर गाव तसंच म्हणालं असतं, आणि तिच्या मागेही म्हणत राहिलं असतं. चंद्रपूरला परत जाऊन ते ऐकायचं मला नव्हतं, तिला होतं. मी तेल चोळत राहिले.

जरा वेळानं तीच म्हणाली, "चटई पाह्यली का तू?"

परसात अजून उजेड होता. छपराच्या गवतातून पाणी टपकत होतं. प्लास्टिकवर ती चटई अंथरलेली, रोपं गुडघ्याच्याही खाली, पोपटी, दाट. आई तिच्याजवळ गेली. तिला वाकावं लागलं नाही, ती वाकलेलीच होती. तिनं एका कोपऱ्याखाली बोटं घातली आणि चटई उलटून मला दाखवली. खाली मातीचं नावही दिसत नव्हतं. सगळी पांढरी मुळं, एकात एक. ओल्या शेणखताचा आणि कोवळ्या धानाचा वास आला.

"मुया कशा गुंतल्या पाय," आई म्हणाली. "हे मंगळवारपर्यंत थांबत नाई."

"नाई थांबत," मी म्हटलं.

ती कोपरा खाली ठेवून चटईवर हात फिरवत राहिली. मग एकदम चिडून, जणू मीच तिच्याशी भांडत होते, म्हणाली, "मेल्यावर मातामाय इचारन ना मले. काऊन वं, पोरीच्या कंबरा मोडू देल्या काऊन? मंग मी काय सांगू? मंगळवार नव्हता म्हनून?"

लता मागच्या दारात उभी होती. आईनं तिच्याकडे न बघताच सांगितलं, "साऱ्याजनीले सांगून ये. मूठ सकाळी हाय."

सकाळी कडुलिंबाखाली सगळ्या आल्या नव्हत्या. निम्म्या आल्या असतील. काहीजणी आपापल्या दारात उभ्या राहून लांबून बघत होत्या. मला त्यांचा राग आला नाही. भिजलेल्या लिंबाचा, उदबत्तीचा वास होता. पार्बताबाई आली, पण पदर नाकाला लावून, भांडायच्या तयारीनंच.

"असं कधी झालं नाई, बाई," ती आईला म्हणाली. "माह्या जन्मात नाई पाह्यलं."

"मशीन तरी कधी पाह्यली होती तू?" आई म्हणाली.

लतानं विळ्यानं चटईचा एक तुकडा कापून आणला होता. मुठीत मावणारे पऱ्हे नव्हते ते, माती आणि मुळांसकट उचललेला, भाकरीएवढा हिरवा तुकडा. आईनं तो दोन्ही हातांवर घेतला. मातामायसमोरच्या चिखलात तो ठेवला, हातानं दाबला, कुंकू वाहिलं. मग ती तिच्याशी बोलली. हात जोडून पुटपुटण्याची तिची सवय नाही, ती शेजारणीशी बोलावं तसंच मोठ्यानं बोलते.

"माय, सांगाले आली. इचाराले नाई. हेही तुह्याच मातीत उगवलं. पोरी वाकून वाकून थकल्या, आता त्याइले उभं राहू दे. काही बिघडलं त मले धर. यायले धरू नको. अन् मले धरूनही काय करशील, मी वाकलेलीच हावो."

पार्बताबाईनं नाकाचा पदर काढला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तोंडानं मात्र ती म्हणत होती, "मातामायशी कोनी असं बोलते का वं?" मग तिनंच वाकून त्या तुकड्यावर तांब्याभर पाणी घातलं. ते बघून दारातल्या दोघी-तिघी पुढे आल्या.

मशीन बांधीत उतरली तेव्हा ऊन-पावसाचा खेळ चालला होता. चिखल लतानं आशेवर दोन दिवस आधीच करून ठेवला होता, माती खाली बसली होती, वर पाण्याचा पातळ थर. लतानं साडी खोचली, दोरी ओढली. पहिल्या ओढीला इंजिन खोकलं, दुसऱ्या ओढीला गप्प बसलं. तिसऱ्यानं धरलं. मी आणि आई धुऱ्यावर होतो. आई धुऱ्याच्या गवताला दोन्ही हातांनी धरून बसली होती. बोटं खाली गेली, वर आली. खाली गेली, वर आली. लता चालत गेली. तिच्या मागे चार ओळी पाण्यात उभ्या राहिल्या, बारीक, डोलत, एकही जागा रिकामी नाही. बांधीच्या टोकाला जाऊन तिनं मशीन वळवली आणि आमच्याकडे तोंड करून परत यायला लागली. मला तिचा चेहरा दिसत होता. रोवणी चालू होती, आणि रोवणाऱ्या बाईचा चेहरा मला धुऱ्यावरून पूर्ण दिसत होता. घामानं थबथबलेला, दात दिसणारा, जरासा आगाऊ. हे मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. मी रडले, आणि त्याची मला लाज वाटली नाही.

आईनं हाक मारून बाकीच्या बायांना कामाला लावलं. कुणी चटया कापत होती, कुणी डोक्यावरून आणत होती. बोलणी सरळ उभ्या माणसांची होती, मान वर करून, लांबवर ओरडून. कुणीतरी म्हणालं की रोवणी वेळेवर झाली तर धान आधी निघेल, आणि मग गटाचा तांदूळ चामोर्शीच्या बाजारात दुसऱ्यांच्या आधी बसेल. त्यावर दुसरी म्हणाली, पह्यले रोव तं खरं! आणि सगळ्या हसल्या.

तेवढ्यात रस्त्यावर जीप येऊन थांबली आणि तिच्यामागे रिकामा टेम्पो.

जीपमधून एक साहेब उतरले, मागून कृषी सहायक मॅडम. साहेब वाईट माणूस नव्हते. थकलेले होते, शर्टाला पावसाचे डाग होते, हातात निरोपाचा कागद होता. ते धुऱ्यापर्यंत आले, पण पुढे सगळा चिखल. त्यांनी बोलायला सुरुवात केली. ही मशीन परत न्यायची आहे, या गावात ती चालत नाही असा अहवाल आहे. पण लता नेमकी तेव्हाच त्यांच्यासमोरून चार ओळी लावत चालली होती, आणि मशीन चालत नाही हे सांगायला त्यांना मशीनच्या आवाजावर ओरडावं लागलं. मॅडमनी मान फिरवली, ओढणी तोंडाला लावली. त्या हसत होत्या.

साहेबांनाही ते जाणवलं असावं. त्यांनी कागद खाली घेतला आणि बराच वेळ ओळींकडे बघत राहिले. मग मॅडमना हळूच काहीतरी विचारलं, मॅडमनी बोटानं चटया दाखवल्या. मी उठून उभी राहिले. मला खूप बोलायचं होतं. सांगायचं होतं की वस्तू देऊन जाऊ नका, थांबत जा. मॅडमसारखी आणखी माणसं पाठवा. हंगाम सुरू व्हायच्या आधी येऊन आम्हाला विचारा, तुमचा दिवस कधी असतो, आणि तुमचं आमचं जमवून घ्या. तुमच्या योजना आम्हाला नको नाहीत, अर्धवट नको आहेत. पण साहेब माझ्याकडे बघत नव्हते. साहेब अधिकाऱ्याला शोभेल अशा आवाजात एकच गोष्ट विचारत होते.

"ते ठीक आहे. पण मशीन परत करायचा निरोप असताना तुम्ही ती बांधीत उतरवली कशी? परवानगी कोणाची घेतली?"

लतानं इंजिन बंद केलं. बेडूक ऐकू यायला लागले. सगळ्या बाया आहे तिथं उभ्या राहिल्या.

आई उठली. तिनं मान वर केली, जितकी होते तितकी, आणि साहेबांच्या तोंडाकडे बघितलं.

"मातामायची घेतली," ती म्हणाली. "आता तुमचीच राह्यली, साहेब. द्या."

साहेबांनी कागदाची घडी घातली आणि ती खिशात ठेवली. टेम्पोवाल्यानं जरा वेळ वाट बघितली, मग गाडी वळवायला लागला.

आईचं तिकडे लक्षच नव्हतं. ती बांधीकडे वळून ओरडली, "थांबली काऊन वं, लता? अर्धी बांधी बाकी हाय!"